भिंग घेताना पटींचा आकडा नव्हे, नाभीय अंतर विचारावे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पावसाळा सरत आला की पठारांवरच्या रानफुलांविषयीचे लेख आपल्या पुरवणीत येऊ लागतात. यंदाच्या अशाच एका लेखात सोबत न्यायच्या वस्तूंच्या यादीत पाण्याची बाटली, टोपी आणि वही यांच्यानंतर ‘भिंग’ असा एका शब्दाचा उल्लेख आहे. कोणते भिंग, हे मात्र तेथे सांगितलेले नाही. माझी सारी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली, आणि विद्यार्थ्यांसाठी, शाळांसाठी व शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी भिंगे निवडून देण्याचे काम अजूनही अधूनमधून माझ्याकडे येते. त्यामुळे तो एक शब्द वाचून किती वाचक बाजारात जाऊन ‘मोठ्यात मोठे आणि जास्तीत जास्त पटीचे’ भिंग मागतील, याची मला चांगलीच कल्पना आहे. ही मागणी पुरी होण्यासारखी नाही, कारण भिंगाचा आकार आणि त्याची पट या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात; आणि तरीही ती पुरी केल्याचे सांगणारा माल बाजारात सर्रास विकला जातो. म्हणून हे पत्र.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात भिंगांचा धडा आहे. निरोगी डोळ्याला ताण न पडता वस्तू जास्तीत जास्त जवळून स्पष्ट दिसते ते अंतर २५ सेंटीमीटर धरतात, हे त्यात आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेले असते. भिंगाची पट ठरते ती याच अंतरावरून. २५० मिलिमीटरला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे दूरच्या वस्तूचे चित्र भिंगापासून जितक्या अंतरावर रेखीव उमटते त्या अंतराने, भागले की विशालन, म्हणजेच पट, मिळते. नाभीय अंतर ५० मिमी असेल तर भिंग पाच पटीचे, २५ मिमी असेल तर दहा पटीचे आणि साडेबारा मिमी असेल तर वीस पटीचे. काही उत्पादक या भागाकारात एक मिळवतात, त्यामुळे एकाचे पाच पटीचे भिंग दुसऱ्याकडे सहा पटीचे होते. एवढा फरक रिवाजाचा आहे, त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. मात्र दोन्ही रिवाजांत मूळ मोजमाप नाभीय अंतराचेच असते आणि भिंग विकणारा नेमके तेच सांगत नाही.

आता बाजारात सर्वांत सहज मिळणारे भिंग घ्या. ते चंदेरी, घडीचे, रेक्झिनच्या छोट्या पाकिटात येते आणि त्याच्या पत्र्यावर ‘३० एक्स – २१ एमएम’ असे कोरलेले असते. तीस पट याचा अर्थ नाभीय अंतर सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास, आणि २१ मिमी हा काचेचा व्यास. हे दोन आकडे एका काचेत नांदू शकत नाहीत, आणि त्यासाठी भिंग हातात घेण्याचीसुद्धा गरज नाही. काच जितकी फुगीर तितके नाभीय अंतर कमी. २१ मिमी रुंदीची काच जास्तीत जास्त फुगवत नेली तर शेवटी २१ मिमी व्यासाची अखंड गोटी तयार होते. त्यापुढे फुगवायला जागाच उरत नाही. साध्या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वाकवते याचे माप) दीड धरला तर अशा गोटीचे नाभीय अंतर, केंद्रापासून मोजून, व्यासाच्या पाऊणपट येते, म्हणजे सुमारे १६ मिमी, आणि विशालन सुमारे सोळा पट. गोटीतून कडेचे काहीच धड दिसत नाही हे वेगळेच. पत्र्यात बसवलेली ती चपटी काच तर गोटीच्या जवळपासही नसते.

माझ्याकडे आलेल्या अशा एका भिंगाचे नाभीय अंतर मोजले तेव्हा ते ४५ मिमी भरले. म्हणजे ते जेमतेम साडेपाच पटीचे होते. साडेपाचचा वर्ग तीस येतो, त्यामुळे लांबीच्या पटीऐवजी क्षेत्रफळाची पट कोरली असावी, असा एक उदार कयास करता येईल. पण भिंगांच्या व्यवहारात पट नेहमी लांबीचीच समजली जाते, आणि विकणाऱ्याने हा हिशेब मनात धरून आकडा घातला असेल यावर माझा तरी विश्वास नाही. गंमत अशी की साडेपाच पटीचे म्हणून ते भिंग अगदीच टाकाऊ नव्हते. खरा आकडा लिहून विकले असते तर तक्रारीला जागा नव्हती.

खरोखर मोठी पट हवी असेल तर काच लहान करावी लागते. सतराव्या शतकात डेल्फ्ट येथील लेव्हेनहूकने एकाच भिंगातून सूक्ष्मजीव पाहिले. त्याच्या उपकरणांपैकी नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे जतन केलेले एक सुमारे २६६ पटीचे आहे. २५० ला २६६ ने भागले तर नाभीय अंतर एक मिलिमीटरही भरत नाही, आणि अशा उपकरणांतली काच मोहरीच्या दाण्याएवढी असते. ती डोळ्याला जवळजवळ टेकवून, वस्तू सुईच्या टोकावर धरून पाहायची. खिशात ठेवून पठारावर फिरण्याचे ते साधन नव्हे.

नाभीय अंतर मोजणे अतिशय सोपे आहे आणि ते दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करता येते. दारातून किंवा खिडकीतून रस्त्यापलीकडची इमारत दिसत असेल तर भिंग तिच्याकडे धरावे, भिंगाच्या मागे पांढरा कागद धरावा आणि त्यावर त्या इमारतीचे उलटे, चिमुकले चित्र रेखीव उमटेपर्यंत कागद मागेपुढे करावा. मग भिंगाच्या मध्यापासून कागदापर्यंतचे अंतर शाळेच्या पट्टीने मोजावे. जाड भिंगात मध्य नेमका कोठे धरायचा यामुळे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडेल, तो सोडून द्यावा. दहा पट म्हणून दिलेल्या भिंगाचे अंतर २३ ते २७ मिमीच्या दरम्यान आले तर ते प्रामाणिक समजावे. ४० किंवा ५० आले तर दुकानदाराला नम्रपणे पट्टी दाखवावी. या कामासाठी सूर्य मात्र वापरू नये. कागद पेटतो, आणि चुकून भिंग डोळ्याला लावून सूर्याकडे पाहिले तर डोळ्याची कायमची हानी होते. मुलांच्या हाती भिंग देताना पहिली सूचना हीच द्यावी. संकेतस्थळावरून मागवणाऱ्यांना ही मोजणी आधी करता येत नाही. त्यांनी वर्णनात नाभीय अंतर दिलेले असेल तरच मागवावे, नाहीतर परत करण्याची सोय पाहून ठेवावी.

मग घ्यावे कोणते? रानफुले, गवते, शेवाळे, कीटक, खडकातले स्फटिक, पिकावरचे किडे यांसाठी माझे उत्तर एकच असते: खऱ्या दहा पटीचे, म्हणजे २५ मिमी नाभीय अंतराचे, १८ ते २१ मिमी व्यासाचे, घडी घालून काच झाकली जाईल असे. पाच पटीत फुलाची ठेवण दिसते, पण बारीक लव आणि ग्रंथी निसटतात. वीस पटीत वस्तू भिंगाच्या अर्ध्या इंचाच्या आत आणावी लागते, तिच्यावर स्वतःच्याच डोक्याची सावली पडते, एका वेळी दिसणारा भाग आक्रसतो, आणि वस्तूचा इतका पातळ थर स्पष्ट दिसतो की हात किंचित हलला तरी सगळे पुसट होते. वीस पटीचे भिंग टेबलाशी बसून, हात टेकवून वापरायचे आहे. ज्यांच्याकडे आधी दहा पटीचे आहे त्यांनीच ते दुसरे म्हणून घ्यावे.

दहा पटीत काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. पठारावर पांढऱ्या बोंडांचा गेंद सर्वांनी पाहिलेला असतो. दुरून एक फूल वाटणारे ते बोंड म्हणजे अतिशय लहान फुलांचा दाट गुच्छ आहे. भिंगातून पाहिले की त्या फुलांमधून डोकावणारे परागकोश सुटे दिसतात, आणि ते काळे आहेत की फिकट, हे गेंदाच्या जाती ओळखताना उपयोगी पडते. पठारापर्यंत जाणे जमत नसेल तर रस्त्याकडेची एकदांडी पाहावी. तिच्या फुलाच्या मधल्या पिवळ्या भागात प्रत्येक ठिपका म्हणजे पाच पाकळ्यांच्या टोकांची एक स्वतंत्र नळी असते, आणि सुकलेल्या फुलातल्या प्रत्येक बीवर पिसासारख्या केसांचा झुबका असतो. त्या प्रत्येक केसाला पुन्हा बारीक फाटे फुटलेले असतात. हे फाटे वेगवेगळे दिसले तर भिंग चांगले. तेही नको असेल तर अंगणातल्या तुळशीचे पान उलटे करून तिरप्या उन्हात धरावे. खालच्या बाजूच्या तेलग्रंथी चकाकत्या ठिपक्यांसारख्या दिसल्या पाहिजेत.

पट बरोबर असली तरी काच चांगली असेलच असे नाही. एकाच काचेच्या भिंगात मध्यभागी चित्र स्वच्छ आणि कडेकडे पुसट, वाकडे, निळ्या-नारिंगी झालरीचे दिसते, कारण भिंगाच्या कडेचे आणि मध्याचे किरण एकाच जागी मिळत नाहीत आणि वेगवेगळ्या रंगांचे किरणही वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात. हा दोष घालवण्यासाठी दोन वेगळ्या जातींच्या काचांची तीन भिंगे एकमेकांना चिकटवून एक भिंग केलेले असते. बाजारात त्याला ट्रिपलेट म्हणतात. हिरे पारखणारे दहा पटीचे ट्रिपलेटच वापरतात. हिऱ्याची निर्मळता ठरवताना दहा पटीत दोष दिसतो की नाही हेच जगभर पाहिले जात असल्याने, त्यांना त्याहून जास्त पटीची हौस परवडणारी नसते. ट्रिपलेटची किंमत साध्या भिंगाच्या कित्येक पट असते. पण अशा भिंगाची कड आणि मध्य यांत फरक जवळजवळ जाणवत नाही, आणि एकदा घेतलेले भिंग जपून वापरले तर आयुष्यभर पुरते. मी हा खर्च योग्य मानतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी साधे दहा पटीचे भिंग घ्यावे आणि कडेच्या धूसरपणाकडे दुर्लक्ष करावे. फुगवलेल्या आकड्याचे घेऊ नये.

पेटीवर ‘ट्रिपलेट’ असे छापलेले असणे हा काही पुरावा नव्हे. परीक्षा करायची असेल तर मिलिमीटरचा आलेख कागद भिंगातून पाहावा. चौकोनांच्या रेषा कडेला पोहोचेपर्यंत सरळ राहिल्या पाहिजेत, आणि पांढऱ्यावर काळी रेघ पाहताना तिच्या दोन्ही बाजूंना रंग दिसता कामा नये. आलेख कागद हाताशी नसेल तर आपलेच वर्तमानपत्र पुरे. रंगीत छायाचित्रावर भिंग धरले की माणसाचा गाल, आकाश, झाडे सगळे नाहीसे होऊन निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची जाळी उरते. चांगल्या भिंगात मध्याइतकेच कडेचे ठिपकेही गोल व सुटे दिसतात. साध्या भिंगात कडेचे ठिपके लांबट होऊन एकमेकांत मिसळतात. या तपासाला वेळ लागत नाही, आणि दुकानात शिळे वर्तमानपत्र नेहमीच असते.

भिंग नीट धरता न आल्यामुळे चांगले भिंग वाईट ठरल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत. आपण वाचायच्या भिंगाप्रमाणे ते हातभर दूर, वस्तूजवळ धरतो. मग मधोमध रुपयाएवढे काहीतरी दिसते आणि बाकी अंधार. दहा पटीचे भिंग डोळ्यापासून बोटभर अंतरावर, हात गालाला टेकवून धरायचे आणि मग वस्तू हळूहळू जवळ आणायची. दुसरा डोळा मिटू नये. सवयीने त्याच्याकडे लक्ष जाणे थांबते आणि चेहऱ्यावर ताण येत नाही. संरक्षित पठारावर फूल तोडून जवळ आणणे हा मात्र अपराध समजावा. तेथे भिंग डोळ्याला लावूनच वाकावे, गुडघा टेकायचा तर वाटेवरच टेकावा, पण फूल जागेवर राहू द्यावे. चष्मा असणाऱ्यांनी तो काढून पाहून बघावे. लघुदृष्टी किंवा दूरदृष्टी असेल तर वस्तूचे अंतर थोडे बदलून काम भागते, डोळ्याला मोठा सिलिंडरचा नंबर असेल तर मात्र चष्मा ठेवावा.

वयोमानाने औषधाच्या पाकिटावरची मुदत किंवा बँकेच्या कागदावरचा बारीक मजकूर वाचता येत नाही म्हणून भिंग हवे असेल, तर वरचा सारा सल्ला बाजूला ठेवावा. तेथे मोठ्या व्यासाचे आणि दोन-तीन पटीचे भिंग हवे, कारण ओळीच्या ओळी एका नजरेत याव्या लागतात. त्याला मोठे नाभीय अंतर लागते आणि ते आकाराशी भांडत नाही. या भिंगालाही बाजारात दहा पट म्हणून विकतात, त्यावर हसण्यापलीकडे काही करता येत नाही. वाचताना अचानक जास्त अडचण येऊ लागली असेल तर भिंगाच्या दुकानाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

लहान मुलांसाठी आणि ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी माझी पसंती वेगळीच आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या कापड व्यवसायात इंचभर कापडातले उभे-आडवे धागे मोजण्यासाठी घडीचे भिंग वापरतात. पिक ग्लास म्हणून ते मागितले जाते. त्याची घडी उघडली की भिंग आपोआप योग्य उंचीवर उभे राहते आणि खाली इंचाची चौकट येते. ते नुसते पानावर किंवा खडकावर ठेवायचे आणि वर डोळा न्यायचा. पट कमी असते, पण काही स्थिर करावे लागत नाही, आणि चौकटीच्या कडेवर खुणा असल्याने मापही घेता येते. शाळेच्या खरेदीत याचा विचार फारसा होत नाही याचे मला नवल वाटते.

खरे दहा पटीचे भिंग कसे असते हे विकत घेण्याआधी पाहायचे असेल तर सोने घेताना पाहून घ्यावे. दागिन्यावरची हॉलमार्कची खूण ग्राहकाला तपासता यावी म्हणून किमान दहा पटीचे भिंग दुकानात उपलब्ध ठेवणे हे भारतीय मानक ब्युरोच्या नियमांनुसार नोंदणीकृत सराफावर बंधनकारक आहे. त्या भिंगातून ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि १ जुलै २०२१ पासून सुरू झालेला सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) या तीन खुणा वाचून घ्याव्यात आणि तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पडताळावा. संकोच करू नये. भिंग मागणे हा तेथे ग्राहकाचा हक्क आहे.

दिवा बसवलेल्या भिंगांविषयी थोडेच सांगतो. दागिन्यांच्या आतली खूण वाचायला किंवा घरात ते सोयीचे पडते. रानात तिरपे ऊन जास्त चांगले, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात पानावरची लव सपाट दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून छायाचित्र घेता येते हे खरे आहे आणि नोंद ठेवायला ते उपयोगी आहे. पण फूल फिरवत, अंतर बदलत, एकेक थर डोळ्याखालून घालण्याचे काम अजून तरी भिंगच करते. काच पुसण्याआधी धूळ फुंकून उडवावी आणि मग जुन्या मलमलीने पुसावे. ट्रिपलेट स्पिरिटमध्ये बुडवू नये, काचा चिकटवलेला डिंक सुटण्याची भीती असते. पावसाळ्यात ते कोरडे करून डबीत ठेवावे, आणि गळ्यात अडकवण्यासाठी दोरी भडक रंगाची घ्यावी. हिरव्या दोरीचे भिंग गवतात पडले तर सापडत नाही.

शेवटची विनंती शाळा व महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांना आहे. मागणीपत्रात ‘उत्तम प्रतीचे भिंग, ५० मिमी’ असे लिहिले की वाचायचे मोठे भिंग येते, आणि ‘जास्त क्षमतेचे भिंग’ असे लिहिले की वर वर्णन केलेले चंदेरी भिंग येते. पुरवठादाराने दोन्ही वेळी मागणी पाळलेलीच असते. त्याऐवजी ‘नाभीय अंतर २५ मिमी, व्यास किमान १८ मिमी, काचेचे, घडीचे’ असे लिहावे, निधी असेल तर ‘ट्रिपलेट’ हा शब्द जोडावा. माल आल्यावर बिलावर सही करण्यापूर्वी विज्ञानाच्या शिक्षकांनी खिडकीशी उभे राहून त्यातली चार-सहा भिंगे पट्टीने मोजून पाहावीत. ही मोजणी विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतली तर दहावीच्या त्या धड्यातला एक प्रयोगही होऊन जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र अध्यापक,
सातारा